तीनचा आकडा

"लिव तीन."

"ताराबाई, मंगळवारी तुम्ही बाजारातून येताना रस्त्यातच बसल्या होत्या. मी पाहिलं ना."

"मंग मंगळवारी चार लिव. पन एकच चार लिवजो वो बाई, जास्त नोको."

मी मंगळवारच्या चौकटीत चार लिहिला. उमरेडच्या चौकात चहाच्या टपरीसमोर आमचं हे काम चाललं होतं. पौषातली थंडी, सकाळचे आठ, आणि बाकड्यावर चार निळ्या वह्या. दवाखान्याची गाडी महिन्यातून एकदा आम्हाला नागभीडहून नागपूरला न्यायची आणि उमरेडला चहासाठी वीस मिनिटं थांबायची. त्या वीस मिनिटांत मी तीन माणसांचं महिनाभराचं दुखणं लिहून काढायचे. चालत्या गाडीत अक्षर हलतं, म्हणून टपरी.

"बस ना वो खाली," ताराबाई म्हणाली. "उभ्या उभ्या काय लिवतं?"

"गाडीत बसून बसून कंटाळा आला," मी म्हटलं, आणि बाटलीतलं पाणी प्यायले.

याला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, नागभीडच्या कॉलेजात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. आम्ही चौघंही सिकलसेलचे. आमच्या रक्तातल्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे दुखतं. कसं दुखतं ते सांगत बसत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. चौदा वर्षांची असताना मी सरकारी दवाखान्याच्या फरशीवर लोळत होते, तेव्हा "शाळा बुडवायची नाटकं" असं म्हणणारा कंपाउंडर मला अजून आठवतो. त्याच्या शर्टाचा रंगसुद्धा आठवतो. असा एकेक कंपाउंडर आमच्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला आलेला होता.

तर नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात आमच्या आजारावरच्या नव्या कॅप्सूलची चाचणी सुरू झाली. वर्षभर रोज सकाळी एक कॅप्सूल, महिन्याला रक्ततपासणी, जाण्यायेण्याला गाडी आणि ही निळी वही. वहीत रोजची एक चौकट. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. ज्यांना आकडे कळत नाहीत त्यांच्यासाठी खाली चेहरे छापलेले होते, शून्याचा हसरा आणि दहाचा रडका. पहिल्या दिवशी ते चेहरे बघून झिबलकाका म्हणाले होते, "आमच्या इकडं रडते तो एक नंबर. दहा नंबरवाला रडत नाही, तो भिंतीकडं तोंड करून पडून रायते."

झिबलकाका हा आमचा पाचवा माणूस. दुसऱ्या महिन्यापर्यंत होता. तोवर आम्ही वहीत खरं लिहीत होतो, म्हणजे आठवेल तेवढं खरं. दुसऱ्या महिन्यात काकांनी छाती पुढे काढून सांगितलं, "लिव पोरी, नऊ. नऊ दिवस नऊ." मी नऊ वेळा नऊ लिहिला. तिसऱ्या महिन्यात काका गाडीत नव्हते. विचारलं तर चाचणीच्या कांचन सिस्टर म्हणाल्या, "त्यांना चाचणीतून थांबवलंय." का, ते सांगितलं नाही. "दुसऱ्या पेशंटचं सांगता येत नाही बाई," एवढंच.

त्या दिवशी परतीच्या गाडीत आमचा निकाल लागला. ताराबाई म्हणाली, "नऊ लिवलं म्हनून काढलं. औषध लागत नाही असं दिसलं कागदावर, दिलं हाकलून." मागच्या सीटवरून उद्धवभाऊंनी मान डोलावली. उद्धवभाऊ टेलर, वर्षभरात दहा शब्द बोलणारा माणूस, त्याने मान डोलावली म्हणजे ठरावच पास. तेव्हापासून आमच्या चारही वह्यांत तीन. अधूनमधून दोन, कुठे तरी चार, सगळंच तीन दिसू नये म्हणून. मी दोन रंगांची पेनं वापरायचे. शहाणपणाला माझ्याकडे तोटा नव्हता.

आणि खोटं का बोलायचं, मला ते आवडायचं. गावात जिच्याकडे बिचारी म्हणून बघतात ती मुलगी इथे चार माणसांच्या नशिबाचा कागद लिहीत होती.

ताराबाईची वही झाली, उद्धवभाऊंची झाली. माझी मी सगळ्यात आधी घरीच भरून आणायचे. राहिली मोहनाची. मोहना कोडापे, एकोणीस वर्षांची, तळोधीकडच्या एका टोल्यावरची, म्हणजे लहानशा वस्तीवरची. आमच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात बडबडी. त्या दिवशी ती चहाला खाली उतरलीच नव्हती. मी गाडीचं दार उघडलं. ती खिडकीला टेकून बसली होती, शाल नाकापर्यंत ओढलेली.

"मोहना, तुझी वही. किती लिहू?"

"सगळ्याइचं लिवलं तेच लिव ना, ताई."

"आवाज का असा?"

"छातीत दुखून रायलं. श्वास घेतला का टोचते. चार दिवस झाले." ती एकेक शब्द वेगळा करून बोलत होती.

"मग आज किती?"

तिने डोळे मिटले. "आज नऊ आहे, ताई."

मी पेन उघडं धरून उभी राहिले. "लिहू मग नऊ?"

तिने नाही म्हणून मान हलवली. "झिबलकाका," ती म्हणाली.

आणि मी, उत्पला खोब्रागडे, बी. ए. अंतिम वर्ष, वर्गात मानवी हक्कांवर निबंध लिहून पहिली आलेली, मी त्या चौकटीत तीन लिहिला. मागच्या चारही दिवसांत तीन, तीन, दोन, तीन. खाली तिची सही घेतली. तिच्या हाताला पेन धरवत नव्हतं, मी तिचं मनगट धरलं. त्या दिवसानंतर कुणालाही सांगताना मी ते मनगटाचं गाळून टाकत असे. आता गाळत नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. चाचणीच्या मोठ्या डॉक्टर पाळंदे मॅडम मीटिंगमध्ये होत्या. त्यांच्या जागी एक नवा डॉक्टर बसला होता, माझ्याहून थोडाच मोठा असेल, इस्त्रीचा कोट आणि मनगटावर भलंमोठं घड्याळ. बाहेर पंचवीस-तीस माणसं होती. मोहनाचा नंबर आला तेव्हा मी तिच्यासोबत आत गेले. तिला चालताना धरावं लागत होतं.

"काय होतंय?" डॉक्टरने विचारलं. त्याचं लक्ष वहीत होतं.

"छातीत दुखते," मोहना म्हणाली.

"किती दिवस?"

"चार."

त्याने वही उलटीपालटी केली. मग वर पाहिलं, आणि मी तो चेहरा ओळखला. शर्टाचा रंग वेगळा होता, एवढंच. "चार दिवस? वहीत तर तीन आहे. तीन, तीन, दोन, तीन. आज पण तीन. तीनला कोणी असं कण्हतं का?"

 त्याने तिच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला. तिची बोटं थंड पडलेली, यंत्रावर आकडा येईना. मग चौऱ्याण्णव दिसला, पुन्हा गेला. "ठीक आहे," तो म्हणाला. "थंडीने स्नायू आखडलेत. पॅरासिटॅमॉल देतो. गरम पाण्याने शेका." आणि सिस्टरकडे वळून, आम्ही तिथे नाहीच अशा थाटात म्हणाला, "यांना इंजेक्शनची सवय लागलेली असते. वही खोटं बोलत नाही."

वही खोटं बोलत नाही!

मी मोहनाला बाहेर आणून बाकावर बसवलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. माझ्या कानात ते वाक्य घुमत होतं, आणि खरं सांगते, आधी मला त्या डॉक्टरचाच राग आला. तिच्याकडे बघ ना रे बाबा, वहीकडे काय बघतोस! मग कळलं, की जन्मभर आमचं दुखणं कुणी खरं मानलं नाही, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी वही देऊन किती दुखतं म्हणून विचारलं, त्या दिवशी त्या कंपाउंडरच्या हातात पुरावा आम्ही लिहून दिला. माझ्या अक्षरात. दोन रंगांच्या पेनांनी.

मी पुन्हा आत जायला निघाले. ताराबाईने माझा हात धरला.

"कुठं चालली?"

"सांगायला."

"काय सांगाले?" तिने आवाज खाली आणला, पण पकड घट्ट केली. "सगळ्या वह्या तू लिवल्या म्हनून? अन् मंग? आपन चारी जन बाहेर! पोरीले पाह्यजे तर दुसऱ्या दवाखान्यात नेऊ. गाडीवाल्याले सांगतो मी."

"तिला श्वास येत नाहीये ताराबाई. दुसरा दवाखाना कुठला?"

"तुले काय जाते वो बोलाले? तू शिकलेली आहेस, उद्या नोकरी लागन." ताराबाईच्या डोळ्यात पाणी आलं होतं, आणि ती रागाने बोलत होती. "या दिवाळीले मी घरी होतो. माहीत आहे तुले? अठरा वर्षं झाली लग्नाले. पयल्यांदा दिवाळीले मी दवाखान्यात नव्हतो. करंज्या केल्या मी, माह्या हातानं. हे औषध माह्या अंगाले लागलं. तू ते बंद करशील?"

  तिच्या करंज्या मी खाल्ल्या होत्या.

उद्धवभाऊ शेजारीच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले, आपली शाल काढून मोहनाभोवती गुंडाळली, आणि वर्षभराचे उरलेले शब्द एकदम वापरले. "पोरगी मरन बाई," ते ताराबाईला म्हणाले. "मंग त्या करंज्या गोड लागतीन का?"

ताराबाईने हात सोडला.

मी आत शिरले तेव्हा डॉक्टरसमोर दुसरा पेशंट होता. "लाइनमध्ये या," तो म्हणाला.

"डॉक्टर, मोहना कोडापेच्या वहीतला तीन खोटा आहे. तिला नऊ आहे. चार दिवसांपासून."

"मग वहीत तीन कोणी लिहिला?"

"मी."

त्याला कळायला वेळ लागला. त्याने वही पुन्हा ओढली. "तुम्ही म्हणजे?"

"माझं अक्षर आहे ते. सहीच्या वेळी तिच्या हाताला पेन धरवत नव्हतं, तर मी मनगट धरलं होतं. आता तुम्ही उठून तिला बघा."

"ओ मॅडम, आवाज खाली. असं नियमात नाही बसत. पेशंटने स्वतः—"

आणि मग माझं शुद्ध मराठी संपलं. "नेम गेला चुलीत! पोरीले श्वास येऊन नाही रायला अन् तुमी मले नेम सांगता? उठा! उठता का मी तिले इथं टेबलावर आणून झोपवू?"

एवढ्या मोठ्या आवाजात मी आधी कधी बोलले नव्हते, नंतरही क्वचितच. बाहेरची माणसं दारात गोळा झाली. गर्दीतून वाट काढत पाळंदे मॅडम आत आल्या. साठीच्या बाई, बुटक्या, केस पांढरेशुभ्र. आम्हाला त्या फार आवडायच्या, कारण त्या आमची नावं लक्षात ठेवायच्या.

"काय चाललंय उत्पला?"

मी तेच पुन्हा सांगितलं. फक्त मोहनाचं नव्हे. "चारही वह्या, मॅडम. सहा महिन्यांपैकी चार महिने. सगळं मी लिहिलंय."

त्यांचा चेहरा उतरत गेला तो मला दिसला. पुढच्या आठवड्यात त्या हीच चाचणी कुठल्याशा मोठ्या बैठकीत मांडणार होत्या. मागच्या महिन्यात आम्हालाच आनंदाने म्हणाल्या होत्या, "तुमच्या गाडीचे आकडे बघितले? सगळ्यात सुंदर."

"तुला कळतंय का काय केलंस ते?" त्यांचा आवाज बारीक झाला. "किती माणसांचं काम आहे हे? उद्या या आकड्यांवर भरवसा ठेवून लहान मुलांना—"

"मॅडम, मला नंतर रागवा. मी कुठे पळून जात नाही. आधी मोहनाला बघा."

 त्या बाहेर गेल्या, मोहनासमोर गुडघ्यावर बसल्या, तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, आणि उठताना एकच शब्द म्हणाल्या, "स्ट्रेचर."

पुढचे तीन तास आम्ही तिघं अतिदक्षता विभागाबाहेर होतो. एक्स-रेत मोहनाचं उजवं फुप्फुस अर्धं पांढरं दिसलं. आमच्या आजारात छातीतल्या नसा तुंबल्या की असं होतं, आणि त्यात माणूस एका रात्रीत जातो. तिला ऑक्सिजन लावला, रक्त चढवायला घेतलं. ताराबाई माझ्याशी बोलत नव्हती. पण कुठून तरी भरून आणलेली पाण्याची बाटली तिने माझ्यापुढे ठेवली. आमच्या आजारात पाणी फार प्यावं लागतं, आणि भांडण झालं तरी ते विसरायचं नसतं.

साडेतीनला कांचन सिस्टर आल्या. मॅडमनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं होतं. टेबलावर चार निळ्या वह्या उघड्या मांडलेल्या होत्या.

"मोहनाचा श्वास सुधारतोय," मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत उशीर झाला असता तर मी हे वाक्य बोलू शकले नसते." मग वह्यांवर हात ठेवला. "आता मला सांगा. का?"

मी झिबलकाकांचं सांगितलं. नऊ वेळा नऊ, आणि तिसऱ्या महिन्यात रिकामी सीट.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "त्यांना नऊसाठी नाही थांबवलं. कारण वेगळंच होतं. वहीशी त्याचा काही संबंध नव्हता."

"मग ते आम्हाला कुणी सांगितलं?"

"दुसऱ्या पेशंटची माहिती सांगता येत नाही, उत्पला."

"त्यांची नका सांगू. पण आकड्यामुळे कुणाला काढत नाहीत, एवढं तर सांगता आलं असतं ना? त्यात कुणाचं गुपित फुटत होतं? आम्हाला चौदा पानांचा कागद वाचून दाखवलात. केस गळतील, मळमळ होईल, पोरं होऊ देऊ नका, सगळं होतं त्यात. जास्त दुखलं तर काय होईल, हे कुठे होतं? ते आम्ही आमच्या अकलेने ठरवलं. आमची अक्कल जिथे घडली तिथे जास्त दुखणाऱ्याला बाहेरच काढतात, मॅडम."

 मला वाटलं मॅडम आता चिडतील. माझी तयारी होती.

तेवढ्यात ताराबाई पुढे झाली. पदर खोचलेला, जणू भांडायलाच निघालेली. "माहे बी खोटे आहेत जी," ती म्हणाली. "पन एक सांगतो. औषध लागलं हे खोटं नाही. पयले मले दहा रायचं. महिन्यातून दोनदा दहा. आता सहा रायते, अन् एकदाच. मी सहाले तीन लिवाले लावलं. पोरीची चूक नाही."

मॅडम पुढे झुकल्या. "दहाचे सहा झाले?"

"हाव जी."

"ताराबाई, अहो, दहाचे सहा म्हणजे केवढं आहे माहीत आहे? तेच तर आम्हाला कळायला हवं होतं! तुम्ही खरं लिहिलं असतं तर..."  त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ताराबाईला त्याचा अर्थ लागला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, आणि डोक्याला हात लावला. म्हणजे औषध हातचं जाऊ नये म्हणून आम्ही जे लपवत होतो, तेच औषधाच्या बाजूने बोलणार होतं.

"आता काढता ना आमाले?" ताराबाईने विचारलं.

"वह्या रद्द होतील. मला वर कळवावं लागेल, सगळं, नावांसकट. पुढचं समिती ठरवेल."

"कळवा," मी म्हटलं. "पण आम्ही खोटारडे म्हणून नका कळवू. का लिहिलं तेही लिहा. तुम्हाला जमत नसेल तर कागद द्या, मी लिहिते."

मॅडमनी खरंच कोरा कागद पुढे सरकवला. मी दीड पान लिहिलं, एकाच रंगाच्या पेनने. खाली मी सही केली, उद्धवभाऊंनी केली, ताराबाईने अंगठा दिला.

मॅडमची ती मोठी बैठक झाली नाही, लांबणीवर पडली. आमच्या चार वह्या चाचणीतून कायमच्या बाद झाल्या. त्यासाठी मॅडमना कुणाकुणाचं ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. समितीने आम्हाला औषध पुढे घ्यायची परवानगी दिली, पण आमचा आकडा कशातच धरला जाणार नव्हता. ताराबाई म्हणाली, "नोको धरू. मी माह्यासाठी लिवीन." आणि ती आकडे शिकली, एक ते दहा. तिचा सहा उलटा यायचा, पण तो तिचा होता. मोहना अकरा दिवसांनी घरी गेली. आज ती तिच्या टोल्यावर आशाताई आहे. कुणी पोरगं पोटाशी पाय घेऊन पडलेलं दिसलं, की ती आधी विचारते किती, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलत नाही. त्या औषधाचं पुढे काय झालं असं लोक विचारतात. काहींना लागलं, काहींना नाही. ताराबाईला लागलं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे, कुठल्याही पुस्तकात नसलं तरी.

नंतरच्या वह्यांच्या पहिल्या पानावर, चेहऱ्यांच्याही वर, एक ओळ छापून यायला लागली. "जास्त आकडा लिहिल्यामुळे कोणालाही काढले जात नाही. खरे लिहा." ती माझ्या दीड पानातली ओळ आहे. नाव नाही, पण मला माहीत आहे.

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं.

कागद लिहून झाल्यावर ताराबाई आणि उद्धवभाऊ मोहनाला बघायला गेले. मीही निघाले, तर मॅडम म्हणाल्या, "थांब. बस."

"उभी ठीक आहे मी."

"सकाळपासून बघतेय, तू एकदाही बसली नाहीस. अतिदक्षता विभागाबाहेर तीन तास भिंतीला टेकून होतीस. सिस्टर सांगत होत्या." त्यांनी चौथी वही पुढे ओढली. माझी. आजच्या चौकटीत तीन होता. काळ्या पेनने, घरूनच भरून आणलेला. "सगळ्यांचं सांगून झालं. तुझा किती?"

माझ्या तोंडात तीन तयारच होता. चार महिन्यांची सवय. आपलं ठेवायचं झाकून म्हणतात, तसं मी इतकं झाकून ठेवलं होतं की मलाही ते शोधावं लागलं. मग डाव्या खुब्यातून कळ निघाली, गुडघ्यापर्यंत गेली, आणि मी टेबलाची कड धरली.

"आठ," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"पहाटे उठले तेव्हापासून."

"आठ असताना तू दिवसभर... अगं, एवढी ओरडलीस, भांडलीस, मग स्वतःचं का नाही बोललीस?"

"मोहनाचा नऊ होता ना, मॅडम. आधी तिचा नंबर."

त्यांनी पेन उचललं, तीनवर काट मारली आणि आठ लिहायला हात टेकला. मी तो हात थांबवला.

"आणा इकडे," मी म्हटलं. "माझं मी लिहिते."

मी आठ लिहिला. बऱ्याच महिन्यांनी लिहीत होते, त्यामुळे तो भलताच मोठा आला आणि चौकटीच्या बाहेर गेला. दाराशी उभ्या असलेल्या कांचन सिस्टर म्हणाल्या, "अगं, चौकटीत लिहायचं असतं."

"मावत नाही," मी म्हटलं, आणि वही त्यांच्या हातात दिली.